विनंती थांबा

ताई, तुझा लॅपटॉप मी कपाटात ठेवलाय. वरच्या फळीवर, आईच्या जुन्या लुगड्यात गुंडाळून. आधी तो टेबलावरच होता, तू ठेवला होतास तसा, झाकण बंद आणि चार्जर लावलेला. पण त्याच्या कडेचा तो पांढरा दिवा हळूहळू विझायचा आणि हळूहळू लागायचा. झोपलेल्या माणसाची छाती खालीवर व्हावी तसा. मला ते बघवेना. चार्जर काढला तरी दिवा चालूच. मग लुगडं आणलं. लॅपटॉपला कोणी लुगडं नेसवतं का रे, असं म्हणून तू धाप लागेपर्यंत हसली असतीस. हस. मी भितो हे तुला काही नवीन नाही.

आपल्या घरात भूत नाही. आजोबांनी धम्मदीक्षा घेतली तेव्हाच भूत, भानामती, अंगारे-धुपारे, आत्मा, सगळं घराबाहेर गेलं, आणि बाबांनी जन्मभर शाळेत पोरांना तेच शिकवलं. पालममधली माणसं ज्या चिंचेखालून जायला कचरायची, तिथूनच बाबा मला मुद्दाम किराणा आणायला पाठवायचे. परत आलो की विचारायचे, "काय दिसलं?"

"काय न्हाई."

"मग?"

दिसायचं काहीच नाही आणि मी मात्र घामाघूम. दुसऱ्या घरातल्या भित्र्या पोरांचं बरं असायचं. त्यांना कशाला भ्यायचं ते तरी ठाऊक असायचं, कोणी ताईत बांधायचं, कोणी दृष्ट काढायचं. मला बाबा विज्ञान सांगायचे. आता वाटतं, मी तेव्हाही त्या 'काय न्हाई'लाच भीत होतो. तू कुठंतरी आहेस आणि माझ्याकडं बघतेस, ही भीती एक वेळ परवडली. तू कुठंच नाहीस, ही भीती घेऊन मी कुणाकडं जाऊ? बाबांकडं तर जायची सोयच नाही.

तू त्याच चिंचेखाली बसून चिंचा खायचीस. तुझ्या छातीतली झडप लहानपणीच बिघडलेली, महिन्याच्या महिन्याला कमरेत ते दुखरं इंजेक्शन, पळायचं नाही, जास्त पायऱ्या चढायच्या नाहीत. भ्यायचा हक्क खरं तर तुझा होता. पण ते काम तू माझ्यावर सोपवून मोकळी झालीस. दुपारी तू झोपलीस की मी तुझ्याजवळ बसून श्वास ऐकत राहायचो. एकदा तू डोळे मिटूनच म्हणालीस, "हाय अजून. जा, खेळ." मी इतका दचकलो की पाण्याचा तांब्या लवंडला. आईनं मलाच रागावलं.

परवा मामा विचारत होते, पोरगी पुण्याची नोकरी सोडून घरात बसून करत काय होती? मी म्हटलं, गेम. मेल्यावर माणसं कुठं जातात त्याचा. मामांनी चहाचा कप खाली ठेवला.

मग मीच घाईघाईनं सांगत सुटलो, "तसला न्हाई मामा, मारामारीचा न्हाई. एक फाटा हाय. बाभळीखाली पत्र्याचं शेड, 'विनंती थांबा' अशी पिवळी पाटी, अन् बाजूला चहाचं हॉटेल. कायम दिवेलागणीची वेळ. मेलेली माणसं एकेक करून येतेत. हातात पिशवी आसती, अन् परत्येकाचं कायतरी राहिलेलं आसतंय. खेळणाऱ्यानं हॉटेलवाली व्हायचं. चहा द्यायचा, बोलायचं, त्यांच्या पिशवीतलं सामान मांडून बघायचं अन् काय राहिलंय ते हुडकायचं. ते सापडलं की हात दाखवायचा, एसटी थांबती. माणूस 'येतो' म्हणून चढतो, हॉटेलवाली 'ये' म्हणती, कंडक्टर दोनदा घंटी वाजवतो. झालं."

"अन् गाडी जाती कुठं?" मामांनी विचारलं.

गाडी कुठं जाते ते तू कुणालाच सांगितलं नाहीस. गाडीच्या कपाळावरची पाटी तू कोरी ठेवली होतीस. खेळ बघून सगळे म्हणायचे, किती गोड आहे, किती शांत वाटतं. पेडगावच्या आत्याची सासू तू त्यात जशीच्या तशी घातली होतीस, दुधावर झाकण ठेवलं का नाही ते आठवेना म्हणून गाडीत चढायला तयार नसलेली. तिच्या पिशवीतल्या वस्तूंवरून तिचं स्वयंपाकघर लावून द्यायचं, झाकण सापडतं, म्हातारी खूश. लोकांना ती फार आवडली. मला ती कोरी पाटी दिसायची. तुझ्या हळदीच्या रंगाच्या उजेडात, तुझ्या त्या मऊ गाण्यात, मी एकटा घाबरून बसायचो.

आणि तू काय केलंस, तर माझ्या भीतीलाच कामाला लावलंस. हॉटेलच्या मागच्या दाराला एक पडदा. त्या पडद्यामागं हॉटेलवालीचा भाऊ राहतो. तो कधी बाहेर येत नाही, नुसता आवाज येतो. "कोण हाय?" "गेला का?" "लय वेळ बसला की गं ह्यो." तो आवाज माझा. तू म्हणालीस, असं खरंखुरं भ्यायला नट लोकांना जमत नाही. माझं दुकान बसस्टँडला लागून, दिवसभर लोकांचे अर्ज भरतो, झेरॉक्स काढतो, कोणी मला कधी कशाला बोलावलं नव्हतं. तू बोलावलंस. हे तुला कधी म्हटलं नाही, आता म्हणतो. मला त्याचं फार अप्रूप वाटलं होतं.

आपला स्टुडिओ म्हणजे आईनं शिवलेली वाकळ. खोलीत आवाज घुमतो म्हणून दोघांनी डोक्यावरून वाकळ घ्यायची, मधे माईक धरायचा. आत अंधार, उकाडा, जुन्या कापडाचा वास. मी एकटा आत जायचो नाही. तू शेजारी पाहिजेस. तुझा श्वास रेकॉर्ड होतो म्हणून तू तो धरून ठेवायचीस, आणि तुझा श्वास थांबला की माझी वाक्यं आपोआप घाबरट यायची. तुझी युक्ती अशी होती का काय, कोण जाणे.

चारठाण्याला गेलो होतो ते आठवतं? तुला दगडी फरशीवरच्या पावलांचा आवाज पाहिजे होता. पालमहून परभणी, परभणीहून जिंतूर, जिंतूरहून चारठाणा, तीन गाड्या बदलून. प्रत्येक थांब्यावर मी तुझ्या ओठांचा रंग बघत होतो. जुन्या देवळाच्या आत तू मला चालायला लावलंस आणि स्वतः उंबऱ्यावर बसलीस. दोन पावलं टाकली नाहीत तोवर वरून वटवाघळं सुटली. माझी "आई गं!" अशी काही घुमली की बाहेर शेळ्या राखणाऱ्या मावशी काठी घेऊन धावत आल्या. "साप हाय का?" त्यांनी विचारलं. तू म्हणालीस, "न्हाई मावशी, भाऊ हाय." ती आरोळी तू तशीच खेळात घातलीस. कोणी पडद्याला हात लावला की "आई गं!" तू नमुना म्हणून इंटरनेटवर टाकलेल्या भागात जगात कुणीकुणी बसून तो पडदा मुद्दाम पुन्हापुन्हा दाबतं म्हणे.

बाबांना मात्र तुझा खेळ पटला नाही. शेवटपर्यंत नाही. तुझ्याबरोबर खेळाचं काम करायला मुबीन यायचा, तो चित्रं काढायचा. बाबांचाच विद्यार्थी, तुला बाजी म्हणायचा. त्याच्यादेखत बाबा म्हणायचे, "पिढ्या गेल्या आपल्या हे डोक्यातून काढायला. अन् तू मेलेल्यांची एसटी काढायलीस. आत्माच न्हाई, तर गाडीत बसतंय कोण?"

"मेलेला न्हाई बसत बाबा. मागं राहिलेल्याच्या डोक्यात जो आसतो ना, तो बसतो."

"मग तसं सरळ लिही की सुरुवातीला."

"सरळ लिवलं तर खेळायचं काय मग?"

यावर बाबा पेपर उघडायचे. पेपरामागून पुन्हा काहीतरी म्हणायचे, तू आतून उत्तर द्यायचीस. असं कितीतरी महिने चाललं. परवा बाबा पेपर वाचता वाचता मधेच म्हणाले, "पण समजा..." आणि आतल्या खोलीकडं बघत राहिले. मी तिथंच होतो. पुढं काय म्हणायचं होतं ते मी विचारलं नाही.

खेळातला शेवटचा डाव तुला बाबांनीच नकळत सुचवला. बाबा संध्याकाळी फिरायला निघाले होते. पायात चपला, हातात छत्री, आणि दारातून नेहमीसारखं "येतो."

तू आतून ओरडलीस, "बाबा थांबा. काय म्हणलात?"

"येतो म्हणलो."

"जायलात की तुमी. मग जातो म्हणा."

बाबा हसले. "त्यात काय आवघड हाय?" म्हणाले. दारात उभे राहिले. तोंड उघडलं. आपण तिघंही त्यांच्या तोंडाकडं बघत होतो, आई हातातलं पीठ तसंच धरून. ज्या माणसानं अमावास्येला घर बांधायला काढलं, मांजर आडवं गेलं तर मांजराला बिस्किट टाकलं, त्या माणसाच्या तोंडून एक साधा शब्द निघेना. आपल्यात मेलेल्याला 'गेला' म्हणतात, म्हणून निघणाऱ्यानं 'जातो' म्हणायचं नाही, आणि मागच्यानं 'ये' म्हणायचं. बस, एवढंच आहे. बाबांनी तोंड मिटलं, पुन्हा उघडलं, आणि "येतो" म्हणून तरातरा निघून गेले. तू हसून हसून खाली बसलीस, छातीवर हात ठेवून. मला त्या हाताची भीती वाटली, म्हणून मी हसलो नाही.

दुसऱ्या दिवशी तू मला शेवट सांगितलास. सगळी माणसं गेल्यावर उरते ती हॉटेलवाली. ती स्टोव्ह विझवते, बाकडं उलटं ठेवते, स्वतःची पिशवी उचलते. आजवर आपण जिच्या हातानं चहा दिला ती पण मेलेलीच असते. ती गाडीत बसते, पण कंडक्टर घंटी वाजवत नाही. खेळणारा 'ये' दाबतो, काही होत नाही. 'थांब' दाबतो, काही होत नाही. हॉटेलच्या फळ्यावर पहिल्यापासून खडूनं लिहिलेलं असतं, 'ताजा चहा'. त्यातली अक्षरं बोटानं पुसत जायची. 'चहा' पुसायचं, 'ता' पुसायचं. मागं उरतं 'जा'. मग पडद्यामागचा भाऊ आयुष्यात पहिल्यांदा बाहेर येतो आणि बहिणीला तेवढं एक म्हणतो. तेव्हा गाडी सुटते.

"लय भारी ना?" तू विचारलंस.

मी म्हटलं, "मी न्हाई म्हणणार."

"एक अक्षर हाय लेका. तुझं काय जातंय?"

"मुबीनला म्हणायला लाव."

"मुबीन कुठं भितो? भागूबाई, तुझ्या तोंडूनच पाहिजे ते. भिणारानं म्हणलं तरच गाडी हालायला पाहिजे."

आपलं यावरून खरंच भांडण झालं. तू वाकळ घेऊन यायचीस, मी दुकानात काम आहे म्हणून निघायचो. आई म्हणायची, म्हण की रे, पोरीचं काम अडलंय. मी म्हणत नव्हतो. तुझ्या छातीत ते असं असताना, तुझ्या शेजारी बसून, अंधारात, मी तुला 'जा' म्हणू? तू म्हणालीस शब्दानं काही होत नाही. मी म्हटलं, होत नसेल, पण म्हणायचा नाही. मग ऑपरेशनचं ठरलं आणि तू म्हणालीस, आल्यावर बघू. ती जागा तू रिकामी ठेवलीस.

आता जे सांगणार आहे ते मी कुणालाच सांगितलेलं नाही. आई-बाबा तेव्हा खाली होते, रक्ताची सोय बघत. ऑपरेशनच्या दारापाशी मी एकटा होतो. तुला ढकलगाडीवरून आणलं, डोक्याला ती हिरवी टोपी, कानातले काढलेले. तू लहान दिसत होतीस. मी काहीतरी धीराचं बोलायचं म्हणून तोंड उघडलं, तर तूच डोळा मारलास आणि म्हणालीस, "जाते रे."

मला चिडवायला म्हणालीस. बाबांना नाही जमलं ते मी करून दाखवते, बघ काही होतं का, असं म्हणालीस. मला माहीत आहे. तरीही मी ओरडलो, "येते म्हण! ताई, येते म्हण!" सिस्टर म्हणाल्या, अहो, आवाज करू नका. तू हसत होतीस. तू काहीतरी बोलायला मान वळवलीस आणि दोन्हीकडचं दार मिटलं.

डॉक्टरांनी नंतर आम्हाला बसवून सगळं समजावून सांगितलं. झडप किती खराब झाली होती, हृदय किती वाढलं होतं. बाबांनी प्रश्न विचारले, त्यांनी उत्तरं दिली. मला सगळं समजलं. आणि तरीही मी त्या दारापाशीच आहे. मी बाबांचा मुलगा, मला कळतं की एका शब्दानं माणूस मरत नाही. कळतं, पण अंगाला पटत नाही. बसस्टँडवर दिवसभर घंटी वाजते, एक वाजली की गाडी थांबते, दोन वाजल्या की निघते, आणि दुसरी घंटी वाजली की अर्धा भरलेला अर्ज माझ्या हातून चुकतो. गिऱ्हाईक सहज म्हणतं, "जाऊ का मग?" तर मी खुर्चीतून अर्धा उठतो. हे कसलं दुखणं आहे ताई? मी याला इतका भितो की नाव पण घेत नाही.

तुझ्या पुण्यानुमोदनाच्या दिवशी विहारातले भन्तेजी आले. वंदना झाली, सगळं अनित्य आहे हे त्यांनी शांत आवाजात सांगितलं. बाबा ताठ बसले होते. मग माणसं उठू लागली. दुखवट्याच्या घरातून निघताना 'येतो' म्हणत नाहीत, हे तुला ठाऊक आहे. पुन्हा अशा कामाला यायला नको, म्हणून. आणि 'जातो' तर म्हणायचंच नसतं. म्हणून सगळे नुसते उठले, चपला घातल्या आणि काही न बोलता गेले. दारातून एकेक पाठ बाहेर पडत होती आणि कुणाच्या तोंडात शब्द नव्हता. मला वाटलं तुझ्या फाट्यावर उभा आहे.

मुबीन त्यानंतर दोनदा येऊन गेला. चहा घेतला, कपाटाकडं बघितलं, उठला. तिसऱ्यांदा आला ते दुपारी. ऊन अंगणात मावत नव्हतं.

"अमोलभाई," तो म्हणाला, "बाजीनं लोकांना खेळ पुरा यायची तारीख सांगून ठिवलीय. तुमी थांब म्हणलात तर मी थांबतो, काय बात न्हाई. पण सगळं तयार हाय. तेवढी एक जागा रिकामी हाय."

मी बसल्या जागेवरून कपाटाकडं बघितलं.

"तुमाला जमत नसंल तर माझा आवाज टाकू का? नाय तर एखाद्या नटाचा घेऊ."

मला तोवर वाटत होतं की माझ्याइतका भित्रा माणूस पालममध्ये दुसरा नाही. पण दुसरंच कोणीतरी, तुला न ओळखणारा एखादा, पैसे घेऊन तुला 'जा' म्हणतोय, असं डोळ्यांपुढं आलं आणि मी उठून कपाट उघडलं. लुगडं सोडलं. दिवा विझलेला होता. ते तर आणखीच वाईट दिसत होतं. मुबीननं चार्जर लावला.

आईनं न सांगता पेटीतून वाकळ काढून दिली आणि स्वयंपाकघरात गेली. तिथं नंतर भांड्याचा आवाज आला नाही.

मी लॅपटॉप मांडीवर घेतला, डोक्यावरून वाकळ घेतली आणि लगेच खाली टाकली. शेजारची जागा रिकामी होती ना. पुन्हा घेतली, पुन्हा टाकली. मुबीन खिडकीकडं तोंड करून उभा राहिला, शहाणा पोरगा. तेवढ्यात ओसरीवरून बाबा आले. हातात पेपर तसाच. थोडा वेळ माझ्याकडं बघत राहिले, मग वाकळीचा काठ उचलला आणि म्हणाले, "सरक."

ताई, बाबा वाकळीत आले. गुडघे दुखतात त्यांचे, तरी मांडी घालून बसले. अंधारात त्यांच्या चष्म्यावर तुझा हळदीचा उजेड पडला. ते तुझा खेळ पहिल्यांदाच बघत होते. हॉटेलवालीनं स्टोव्ह विझवला. बाकडं उलटं ठेवलं. पिशवी उचलली आणि चालायला लागली, चार पावलं, मग थांबून दम, पुन्हा चार पावलं. बाबांनी श्वास आत घेतला. तुझी चाल त्यांनी ओळखली.

ती गाडीत बसली. पाटी कोरी. मी फळ्यावरचा 'चहा' पुसला. 'ता' पुसला. खाली लाल ठिपका लागला. तो दाबून बोललं की आवाज भरून घेतला जातो आणि गाडी हलते, अशी तू सोय करून ठेवली होतीस.

"एवढंच म्हणायचंय?" बाबांनी विचारलं.

"एवढंच."

"आत्मा नसतो," बाबा हळूच म्हणाले. मला सांगत होते का स्वतःला, कळलं नाही. मग म्हणाले, "मग म्हणायचं कुणाला हे?"

"मला बी ठावं न्हाई बाबा."

त्यांनी माझ्या पाठीवर हात ठेवला. चिंचेखालून मला एकट्याला पाठवणाऱ्या बाबांनी असा हात आधी कधी ठेवला नव्हता, आणि खरं सांगतो, त्यानं मी जास्तच घाबरलो. "म्हण," ते म्हणाले. "मी हाय हितं."

मी ठिपका दाबला आणि पहिल्यांदा नुसता श्वास सोडला. ठिपका तसाच. मी तुझं ते हिरव्या टोपीतलं तोंड डोळ्यांपुढून घालवायचा प्रयत्न केला, ते गेलं नाही. म्हणून त्याच तोंडाकडं बघून म्हटलं.

"जा. ताई, जा."

दोन घंट्या वाजल्या. गाडी निघाली. मी डोळे गच्च मिटले, लहानपणी चिंचेखालून यायचो तसे. बाबांचा हात माझ्या पाठीवरच होता. आणि त्या अंधारात, वाकळीत तू बसायचीस तिथून यावा तसा, तुझा आवाज आला. धापेचा, हसरा, तू कधी भरून ठेवलेला कोण जाणे.

"येते रे."

मी काही म्हणायच्या आत बाबा बोलले.

"ये," बाबा म्हणाले. "ये बाळा. ये."

गाडीचा आवाज लांब गेला. मग वाकळीबाहेरून मुबीन खाकरला.

"सर," तो म्हणाला, "माईक चालूच हाय. तुमचा आवाज बी आलाय त्यात. काटू का?"

मी वाकळीतूनच म्हटलं, "राहू दे."